न पडणाऱ्या सोंगट्या

पौष लागला की रत्नागिरीत कुणी कुणाला तब्येत विचारत नाही. आधी मोहोर विचारतात. "आला काय?" एवढाच प्रश्न. मग किती आला, कुठल्या अंगाला आला, पालवी जास्त की मोहोर जास्त, तुडतुडा दिसतोय का, फवारणी झाली का, हे सगळं सांगून झालं की जाता जाता घरातल्या माणसांची आठवण होते. मी शाळेत भूगोल शिकवते, माझ्या नावावर आंब्याचं एकसुद्धा झाड नाही, तरी मासळी घेताना कोळीण मलाही तेच विचारते. आणि मीही उत्तर देते, कारण न देऊन कसं चालेल.

यंदा मोहोर चांगला आहे. लोक हे जरा दबक्या आवाजात सांगतात, मोठ्याने बोललं तर धुकं ऐकेल अशा बेताने. आमच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या तात्यांची कलमं आहेत. सकाळी खिडकी उघडली की त्यांचा तो गोडूस, जरा आंबूस वास घरात येतो, आणि त्याच्या मागोमाग औषधाचा. लोकांना या वासाने बरं वाटतं. मला वाटत नाही. मागल्या वर्षी याच वासाच्या दिवसांत मी बुद्धिबळाचा एक चांगला लाकडी संच शोधत गावभर हिंडत होते, आणि आता हा वास आला की मला शिसवीचं पॉलिश आठवतं. नाकाला काय, ते सांगितल्याशिवाय जोड्या लावतं.

संच नानांसाठी हवा होता. नाना म्हणजे माझे वडील. जन्म केळशीचा, नोकरी पोफळीची, आणि आई गेल्यावर उरलेलं आयुष्य माझ्या घरी. पोफळीला डोंगराच्या पोटात पॉवरहाऊस, त्यात नाना ऑपरेटर. आत गेल्यावर बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळत नसे. पाळी संपवून बाहेर आलेली माणसं आधी आभाळाकडे बघत, मग घराकडे वळत. नाना मात्र सरळ कॉलनीच्या क्लबात जाऊन पट मांडत. तिथला संच लाकडी होता, काळ्या सोंगट्या शिसवीच्या, पांढऱ्या कसल्याशा पिवळट लाकडाच्या, आणि कितीतरी हातांनी त्यांच्या माथ्यांना तुळतुळीत केलेलं. मी त्याच संचावर शिकले. उंट तिरका, हत्ती सरळ, घोडा अडीच घरं. आईला वाटे मुलीला नाना काय हे भलतं शिकवतात, पण पोरगी एका जागी गप्प बसते म्हटल्यावर तिनेही सोडून दिलं.

नानांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी क्लबातल्या साहेबापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना सारखा लावला. हात लावला तो मोहरा. बोट लागलं की तोच चालवायचा, मग वजीर मरो की राजा अडको. सोंगटी घरात नीट सरकवायची असेल तर आधी तोंडाने "नीट करतोय" म्हणायचं आणि मग हात लावायचा. मी एकदा लहानपणी चुकून हत्तीला बोट लावलं आणि रडरड रडले. नानांनी मला पाणी दिलं, डोळे पुसले, आणि हत्तीच चालवायला लावला.

त्यांना एका शब्दाचा तिटकारा होता. चालवून घेणे. आपल्याकडे हा शब्द मीठमसाल्यासारखा सगळ्यात पडतो. कौल फुटलंय, चालवून घेऊ. चौकट वाकडी बसलीय, चालवून घेऊ. जावई जरा तिरसट आहे, चालवून घेऊ. नाना म्हणत, यंत्र चालतं किंवा बंद पडतं, चालवून घेतलेलं यंत्र माणसं मारतं. आई हळूच म्हणायची, मी नाही का तुम्हाला चालवून घेतलं. त्यावर मात्र नाना हसत.

कंपवात आधी अंगठ्यात आला. मग मनगटात, मग सबंध उजव्या हातात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हे मागे जाणारं दुखणं नाही, पुढे किती भराभर जातं एवढंच बघायचं. नानांनी पेपर वाचणं सोडलं, कारण पान थरथरे. बाजारात जाणं सोडलं, चहा अर्धा कप घेऊ लागले. पण दुपारचा डाव सोडला नाही. दुपारी ऊन कलंडलं की तात्या गडग्याच्या खिंडीतून यायचे, पडवीत पाटावर पट मांडायचे आणि डाव सुरू. तात्या आमचे शेजारी, जन्म बोटीवर गेलेला, निवृत्त झाल्यावर कलमांत रमलेला माणूस. खेळात नानांच्या पासंगाला पुरत नाहीत, हे ते स्वतःच आनंदाने सांगतात. त्या एका डावासाठी नाना दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसत. डाव गेला तर नानांकडे उठून बसायला दुसरं काहीच उरणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तात्यांना ठाऊक होतं, आणि नानांना तर होतंच.

आमच्याकडे संच होता तो प्लॅस्टिकचा, शाळेतल्या स्पर्धेसाठी मी कधीतरी घेतलेला. पोकळ सोंगट्या, फुंकर मारली तरी हलणाऱ्या. नानांचा हात वजिराकडे निघाला की वाटेत दोन प्यादी आडवी व्हायची आणि उंट घरंगळत पाटाखाली जायचा. तात्या वाकून उचलून ठेवत. ते ठीक होतं. पण वाईट हे की हात भलत्याच मोहऱ्याला लागायचा, आणि लागला की नाना तोच चालवायचे. एका दुपारी त्यांनी घोड्याकडे नेलेला हात वजिराला लागला. वजीर चालवला तर मरत होता.

तात्या म्हणाले, "नाना, ऱ्हाऊ दे हो. चुकून लागला हात."

"हात माझाच ना?" नाना म्हणाले, आणि वजीर मारायला दिला.

मी रात्री जेवताना त्यांना म्हटलं की तुम्ही दर खेपेला आधी "नीट करतोय" म्हणत जा, म्हणजे नियमही राहील. त्यांनी घास खाली ठेवला. थोडा वेळ हाताकडे बघितलं. "नीट कुठे होतंय, गो?" एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, ते फक्त खरं होतं. मला तेव्हा पानावरून उठून जावंसं वाटलं, पण उठले नाही.

मग मी ठरवलं की दोष सोंगट्यांचा आहे. माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. जड सोंगट्या हव्यात, बुडाला रुंद, आणि घरं मोठी, म्हणजे हात दोघांच्या मधून जाईल. लाकडाच्या हव्यात, कारण नानांच्या बोटांना लाकूड ओळखीचं. असा संच आणला की नाना अजून पुष्कळ खेळतील. डॉक्टरांनी कुठे सांगितलं होतं सोंगट्यांबद्दल?

रत्नागिरीच्या बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटींचा ढीग असतो आणि बुद्धिबळ म्हटलं की दुकानदार स्टूल घेऊन वर चढतो. त्याने धूळ झटकून लोहचुंबकाचा संच काढला. पट उलटा धरून दाखवला, बघा, एकही पडत नाही. मी हरखून तो घेऊन आले. पण सोंगट्या नखाएवढ्या. नानांनी एक चिमटीत धरायचा प्रयत्न केला, ती सुटली, परत धरली, परत सुटली. "ह्या पाण्याबरोबर घ्यायच्या काय?" त्यांनी विचारलं. तात्या खो खो हसले, नानाही हसले, आणि संच कपाटात गेला.

कुणी म्हणालं गणपतीपुळ्याला बघ. एका रविवारी गेले. देवळाबाहेरच्या दुकानांत शिंपल्यांच्या माळा, शंखावर रंगवलेले गणपती, कोकमाच्या बाटल्या, आणि मधेच पितळी नक्षी ठोकलेल्या पेट्यांतली बुद्धिबळं. दिसायला देखणी. पण उचलली की कळे, आत पोकळ. आणि घोडे. नाना संच घोड्यावरून पारखत. बाकी सोंगट्या सुताराच्या चरकावर फिरून निघतात, घोडा मात्र हाताने कोरावा लागतो, कारागीर किती जीव लावतो ते घोड्याच्या तोंडावर दिसतं, असं ते क्लबात सांगत. त्या पेट्यांतल्या घोड्यांना तोंडच नव्हतं. एक बाक दिलेला, मानेपाशी दोन चरे, झालं. कुणी ते कुत्र्याचं म्हणून दाखवलं असतं तरी मी मान डोलावली असती. देवाला नमस्कार केला आणि हात हलवत परत आले. काही मागितलं नाही. मागून होत असतं तर इतकी माणसं रांगेत दरवर्षी तीच कशी दिसली असती.

सुताराकडेही गेले. त्याने फणसाचं लाकूड दाखवलं, पिवळं, हळद लावल्यासारखं, हातात धरावंसं. प्यादी करून देतो म्हणाला, उंट, हत्ती, राजा, वजीर, सगळं चरकावर काढून देतो. मग डोकं खाजवून म्हणाला, "घोडा तेवढा नाय व्हायचा." घोड्यावाचून बुद्धिबळ काय करायचं? मी त्याचा चहा पिऊन निघाले.

शेवटी उरलं ते मोबाइलवर शोधणं. त्या थंडीत शाळेतून आल्यावर मी दुसरं काही वाचलं नाही. राजाची उंची, बुडाचा घेर, घर किती मोठं असावं म्हणजे राजा त्यात गुदमरत नाही आणि पोरकाही दिसत नाही. बुडात शिसं भरलेलं आहे की लोखंडाचा तुकडा नुसता चिकटवलेला. खाली कापड आहे ना, म्हणजे सोंगटी पटावर खडखडत नाही. काळ्या सोंगट्या खऱ्या शिसवीच्या की काळा रंग दिलेल्या, हे लाकडाच्या रेषांवरून ओळखायचं. मी माझ्याच घरच्या पटावर पट्टी ठेवून मापं घेऊ लागले. पंजाबातल्या एका विकणाऱ्याला फोन केला आणि माझ्या रत्नागिरीच्या हिंदीत विचारलं की सोंगट्या बुडाला जड आहेत ना, लवंडत नाहीत ना. तो बिचारा मन लावून ऐकत होता. मग त्याने विचारलं, घर में खेलने के लिए, या टूर्नामेंट के लिए? मला काय सांगावं ते कळेना. घर के लिए, म्हटलं. पण खरं म्हणजे मला सांगायचं होतं की याहून मोठी टूर्नामेंट आमच्या घरात आजवर झालेली नाही.

संच आला त्या दिवशी मी शाळेत. घरी नानांना एकट्याला दार उघडायला वेळ लागतो, म्हणून पार्सलवाल्याला तात्यांचा नंबर दिला होता. मधल्या सुट्टीत तात्यांना फोन करून विचारलं, मोहरे आले का? तात्या कलमावर चढलेले, वाऱ्यात निम्मं ऐकू आलेलं. म्हणाले, "आला गो, पण दक्षिणेच्या अंगाला विरळ हाय." मी घाबरले, म्हटलं, विरळ म्हणजे, सगळे नाहीत? "सगळा कुठचा एकदम येतोय? मागून येईल हळूहळू. काळा पडला नाय म्हणजे मिळवलं." मी म्हटलं, निम्मे काळेच असणार ना तात्या.  मग ते काळजीने म्हणाले, "तुला कुणी सांगितलं? मी सकाळीच फवारणी केलीय." संध्याकाळी नानांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तसे ते नंतर हसल्याचं मला आठवत नाही.

पेटी उघडली. लाकडाचा आणि पॉलिशचा वास पडवीत पसरला, बाहेरच्या मोहोरात मिसळला. नानांनी आधी घोडाच मागितला. दोन्ही हातांनी धरला, मांडीवर टेकवला, म्हणजे हात कमी कापतो. नाकपुड्या कोरलेल्या होत्या, आयाळ केसाकेसाने, आणि डोळा असा की तो कुठेतरी बघतोय. नानांनी अंगठा आयाळीवरून फिरवला. "हा घोडा आहे," ते म्हणाले. ती सगळी हिंडफिर मला त्या एका वाक्यात पावली.

आणि सोंगट्या खरंच पडत नव्हत्या. नानांचा हात लागला की प्यादं डुगडुगे आणि पुन्हा उभं राही. उंट घरंगळला नाही. तात्यांना वाकावं लागलं नाही. दोन-चार दिवस आम्ही तिघं त्याचंच कौतुक करत राहिलो. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. जड सोंगटी नानांना उचलवेना. ते ती पटावरून ओढत, आणि ओढताना ती शेजारच्या सोंगटीला भिडे. हात अजूनही भलत्या मोहऱ्याला लागे आणि नाना अजूनही तोच चालवत. पूर्वी डाव हरले की आम्ही म्हणत असू, या टिनपाट सोंगट्या, यांच्यावर कसला डाव होतोय. आता तसं म्हणता येईना. संच उत्तम होता. त्यात नाव ठेवायला जागाच नव्हती. मी इतकी पारखून वस्तू आणली आणि तिने आमची एकुलती एक सबब घेतली.

मी म्हटलं, नाना, तुम्ही तोंडाने चाल सांगा, मी हलवते. हे मी प्लॅस्टिकच्या दिवसांतही म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी उडवून लावलं होतं, मग खेळलीस तू, मी कसा खेळलो?  या खेपेला मात्र दुसऱ्या दिवशी तात्या आल्यावर हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाले, "राजाच्या पुढचं प्यादं, दोन घरं." मी प्यादं उचलून ठेवलं. माझ्या मनात आलं, का नाही हे आधी केलं, असं तर वर्षानुवर्षं खेळता येईल. आवाज बारीक झाला होता त्यांचा, पण शब्द कळत होते. माघी गणपती होऊन गेला, मोहोर गळून कैऱ्यांची बारीक कणी धरली, आणि नाना खेळत होते. अधूनमधून जिंकतही होते. तात्यांनी एक डाव मुद्दाम सोडलाय की काय अशी मला शंका आली, पण मी विचारलं नाही.

यंदा नानांचा हात फारसा कापत नाही. घट्ट झालाय. बोटं उघडून पुसावी लागतात. ते खाटेवर असतात, डोकं कधी जाग्यावर असतं, कधी पोफळीला पाळीवर असतं. दुपारी तात्या येतात, खाटेशेजारी बसतात, कलमांचं सांगतात. नाना ऐकतात की नाही देव जाणे. पावसाळ्यात पेटीतल्या सोंगट्यांना पांढरी बुरशी धरली होती. मी एकेक काढून पुसली, तेलाचा हात दिला, परत ठेवली. चांगली वस्तू आहे, नीट राखली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असं त्या विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याचं खरंच आहे. वस्तू टिकतात. मला आता कळत नाही की मी ती कुणासाठी राखते आहे, पण दर महिन्याला पुसते. नाना बरे होणार नाहीत, ते मला समोर बसवून कधी चुकीचा हत्ती चालवायला लावणार नाहीत. मोहोर मात्र येतच राहणार, आणि लोक विचारतच राहणार, आला काय.

शेवटचा डाव झाला तो गेल्या होळीच्या अलीकडे. ऊन तापायला लागलं होतं. डाव मधल्या टप्प्यात होता, नाना काही वाईट स्थितीत नव्हते. खूप वेळ पटाकडे बघून त्यांनी मला चाल सांगितली. घोडा, त्या कोपऱ्यातल्या घरात. मी घोडा उचलला आणि हातातच धरून राहिले. ते घर घोड्याचं नव्हतं. तिरक्या रेषेत चार घरं पलीकडे होतं, उंटाने जावं तसं. मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी पटावरची नजर वर केली नाही, फक्त मान अगदी थोडी हलवली, ठेव म्हणून. मी घोडा नानांनी सांगितलेल्या घरात ठेवला. तात्यांनी आपलं एक प्यादं पुढे सरकवलं.

नाना त्या घोड्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी टोचत होतं. ओठ हलत होते, ते घरं मोजत होते. मोजून झालं, पुन्हा मोजलं. मग त्यांनी आधी तात्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचे डोळे इतके स्वच्छ त्यानंतर कधी पाहिले नाहीत.

"चालवून घेतलंत," ते म्हणाले.

तात्या काहीतरी बोलू लागले, उन्हाचं दिसलं नाय, असं काहीतरी, पण नाना ऐकत नव्हते. त्यांनी मांडीवरचा उजवा हात उचलला. कित्येक दिवसांनी तो पटावर आला. हार मानली की खेळणारा आपला राजा स्वतःच्या हाताने आडवा करतो, नानांनी तो क्लबात क्वचितच केला असेल. हात थरथरत राजापर्यंत गेला आणि त्यांनी राजाला ढकललं. राजा कलला, बुडावर गोल फिरला आणि पुन्हा उभा राहिला. नानांनी पुन्हा ढकललं. पुन्हा तो कलला, डुलला आणि उभा राहिला. तिसऱ्या वेळी हात राजाला टेकून तिथेच राहिला, आणि नाना माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढे झाले आणि त्यांचा राजा आडवा करून ठेवला.